विचारू नका, असं डॉक्टर म्हणाले होते

तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाच्या आजाराच्या रुग्णांच्या घरच्या माणसांची बैठक भरते. तिथल्या सिस्टरबाई मला आवर्जून बोलवतात. तरुणपणी माझं डोकं फिरलं होतं आणि सगळ्या गावानं पाळ्या लावून मला माणसात आणलं, ही गोष्ट आमच्या भागात पुष्कळांना ठाऊक आहे. बैठकीत मी ती चार वेळा सांगितली. दर वेळी कुणीतरी डोळे पुसतं. शेवटच्या वेळी सिस्टरबाई म्हणाल्या, "आप्पा, हे लिहून द्या. दुसऱ्या गावांत वाचून दाखवू."

म्हणून लिहितो आहे. मी सांगत आलो ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. तेवढंच वाचून एखाद्या गावानं आमच्यासारखं करायचं ठरवलं तर तिथं काय होईल, याची मला भीती वाटते. आजाराची गोष्ट सांगताना माणूस आपण बरे कसे झालो ते सांगतो. बरं होता होता त्याच्या हातून काय झालं, हे त्याला कुणी विचारत नाही.

पेव

आमचं गाव गुलबर्ग्याकडं, निंबर्ग्याच्या पुढं दोन कोसांवर. घरात कन्नड, शिवारात मराठी आणि कचेरीत उर्दू, कारण राज्य निजामाचं होतं. मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलो होतो. माझा थोरला भाऊ बसण्णा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेला होता. रझाकारांच्या यादीत त्याचं नाव होतं. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी दोन-तीन महिने तो गुपचूप घरी आला. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं.

आमच्या परड्यात पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंड लहान, आत माणूस उभा राहील एवढी जागा. बसण्णा दिवसभर त्यात राहायचा. हे चार जणांना ठाऊक होतं. अव्वा म्हणजे माझी आई, बसण्णाची बायको नीलावैनी, मी आणि शेजारचा मौलासाब पिंजारी. मौलासाब कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा. त्याची आमची भिंत एकच. पेवात ओल आहे हे कळल्यावर त्यानं स्वतःच्या अंगाखालची गादी भिंतीवरून आमच्याकडे टाकली होती.

तो आल्याच्या नवव्या दिवशी सकाळी मी बैलांना पाणी पाजायला ओढ्यावर गेलो. रझाकारांचे चार घोडेस्वार उभे होते. त्यातला एक खाली उतरला, माझ्या हातातला कासरा त्यानं आपल्या हातात घेतला आणि विचारलं, "भाई किधर है?"

मला कुणी मारलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो. बंदूक खांद्यावरच होती. त्यानं दुसऱ्यांदा विचारायच्या आत मी म्हणालो, "पेव में."

त्यानं कासरा परत माझ्या हातात दिला. ते गावाकडं वळले तसा मी कडब्याच्या गंजीत शिरलो. टापा लांब जाताना ऐकल्या, थोड्या वेळानं परत येतानाही ऐकल्या. मग ओढ्याकडून दोन बार. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो.

टापा

पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या भागातल्या कित्येक गावांत मुसलमानांच्या घरांचं काय झालं, ते ज्यांनी पाहिलं ते अजून बोलत नाहीत. आमच्या गावात तसं झालं नाही, कारण गावचे पाटील काठी घेऊन वेशीत उभे राहिले. मौलासाबचं घर वाचलं. पण एक प्रश्न गावात राहिला. बसण्णाची जागा सांगितली कुणी?

तो प्रश्न पाणवठ्यावर होता, पारावर होता, आमच्या चुलीपाशी होता. वैनी भाकरी थापता थापता मध्येच थांबायची. "कुणी सांगितलं असंल हो अव्वा?" असं म्हणायची आणि परत थापायला लागायची. मी समोर ताटावर बसलेला असायचो.

तो हिवाळा मी गप्प काढला. उन्हाळ्यात मला टापा ऐकू यायला लागल्या. आधी लांबून यायच्या, मग भिंतीपलीकडून, मग उशीत. जेवण घशाखाली उतरेना. मी पेवाचं झाकण काढून आत जाऊन बसायला लागलो. तिथं टापा थांबायच्या. बाहेर ओढून काढलं की मी चावायचो. अव्वाच्या मनगटावर माझ्या दातांची खूण शेवटपर्यंत होती.

लोकांनी सांगितलं म्हणून अव्वानं मला एका ठाण्यावर, बाधा उतरवायच्या ठिकाणी, नेलं. तिथं माझ्यासारखे सहा-सात जण खांबांना बांधलेले होते. सकाळी पाणी, दुपारी अंगारा, संध्याकाळी धूर. पायातली साखळी माझ्या घोट्याला कापत होती. त्या पंधरा दिवसांतलं मला एवढंच नीट आठवतं, की शेजारचा म्हातारा रोज आपल्या वाटणीच्या भाकरीचा तुकडा माझ्याकडं सरकवायचा आणि कुणी बघितलं की मला शिव्या द्यायचा.

मौलासाब तिथं बघायला आला, साखळी बघितली आणि अव्वाला म्हणाला, "अक्का, हे जनावराचं काम हाय. चला, गुलबर्ग्याला डॉक्टर हाय."

लिंबाखाली

दवाखान्यात अकरा दिवस ठेवलं. पहाटे घंटा, चहा आणि पाव, मग गार पाण्याची अंघोळ, मग एक सुई, तिच्यानंतर झोप. पलीकडच्या खाटेवरचा माणूस दिवसभर कुणाला तरी पत्र सांगायचा, कागद-लेखणी नसताना. बाहेर लिंबाखाली अव्वा आणि मौलासाब राहत होते. झाड एकच, चुली दोन. अव्वा त्याच्या हातचं खात नव्हती. तो तिच्यासाठी लांबून पाणी आणायचा आणि घागर तिच्या चुलीपासून हातभर अलीकडं ठेवायचा. त्या दोघांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. त्यांची उर्दू शहरी होती, झरझर बोलायचे. "इसके दिल पर कोई बोझ है. अकेला मत छोड़िए, हाथ को काम दीजिए, वक़्त पर खाना दीजिए. और इससे कुछ पूछिए मत. खुद बोले तो सुन लीजिए."

अव्वाला त्यातलं निम्मंही कळलं नाही. मौलासाबनं तिला मराठीत सांगितलं, "एकटा सोडायचा न्हाई, हाताला काम द्यायचं, आन् काहीबी विचारायचं न्हाई."

मला सगळं कळलं होतं. हे पुढं लक्षात ठेवा.

पाळी

गावी आल्यावर पाटलांनी माणसं जमवली. रझाकारांच्या दिवसांत गावानं राखणीसाठी घरांच्या पाळ्या लावल्या होत्या. ज्याच्या दारात पाळीची काठी, त्या घरानं त्या दिवशी वेस राखायची. पाटील म्हणाले, "काठी तशीच पडून हाय. वेशीच्या जागी आता ह्या पोराला राखू. बसण्णानं गावासाठी जीव दिला, त्याचा भाऊ साखळीत ऱ्हाणार न्हाई."

बावीस घरं होती. सकाळी काठी दारात आली की त्या घरचं माणूस येऊन मला घेऊन जायचं. जेवण तिथं, बसणं-उठणं तिथं. मी अंगावरचे कपडे काढून टाकायचो, ते पुन्हा घालायचे. मी ओरडलो तर कुणीतरी जवळ येऊन बसायचं. आज दवाखान्यातल्या बाया मला विचारतात, असं खरंच झालं का? खरंच झालं. कुणी त्यांना हुकूम केला नव्हता. गौरव्वा नावाची म्हातारी माझे केस विंचरता विंचरता म्हणायची, "शरण्या, माझ्या म्हशीपरीस तू बरा. लाथ तरी मारत न्हाईस." एकदा मी मारली. ती पडली, उठली आणि म्हणाली, "आता दूधबी दे मंग."

सावकाश टापा कमी झाल्या.

पण बावीस घरांपैकी एकवीस घरांत जेवण झाल्यावर, हात पुसता पुसता, तो प्रश्न यायचाच. दरडावून नव्हे, गोडीनं. "शरणा, तुला दिसलं असंल की रं. कुणी सांगितलं?" डॉक्टरांचं म्हणणं सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्याकडे एक समजूत होती. भान गेलेला माणूस आपल्या मनाचं बोलत नाही, त्याच्या तोंडून मेलेला माणूस बोलतो. त्याचा बोल तीनदा सारखा आला की तो खरा. बसण्णाच माझ्या अंगात येऊन बसला आहे आणि नाव सांगितल्याशिवाय सोडणार नाही, असं गावानं हळूहळू ठरवलं होतं. माझी सेवा मनापासून होती. पण त्या सेवेला कान होते.

मी जेवढा बरा होत होतो तेवढे ते कान मला दिसायला लागले. मग मी पुन्हा गप्प व्हायचो, लाळ गाळायचो. लाळ गाळली की विचारणं थांबायचं. हे मला समजलं ते साधारण दसऱ्याच्या सुमारास.

मौलासाबचं घर

फक्त एका घरात विचारत नव्हते. दसऱ्यानंतर मौलासाबचं काम सुरू व्हायचं. थंडीच्या आधी सगळ्यांना रजया हव्या असायच्या. तो मला कापसाच्या ढिगापाशी बसवायचा, सरकी आणि काडीकचरा वेचायला लावायचा. धनुष्यासारखी त्याची पिंजण आढ्याला टांगलेली, तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मोगरी पडली की घरभर एकच आवाज व्हायचा. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नसे. मी घरी असताना नीट खात नसे, तिथं खायचो. अव्वानं दिलेली भाकरी माझ्या फडक्यात असायची. मौलासाबची बायको हुसेनबी तिला शिवत नसे. वर चटणी मात्र वाढायची.

"देख," मौलासाब म्हणायचा, "तेरे डोके का कापूस भिजके गठ्ठा हो गया. मारके फायदा नै. उन्हात टाकना, फिर धीरे धीरे."

हुसेनबी आतून ओरडायची, "उसका डोका छोड, पाटलाची रजई कर. थंडी में बुड्ढा मेरे कू गाली देता."

तेव्हा सुगी चालू होती. लोकांना वेळ नव्हता. ज्यांना जमेना ते आपली पाळी मौलासाबकडे ढकलायचे आणि तो घ्यायचा. चार-पाच दिवसांनी एकदा मी त्याच्याकडे असायचो. त्याच दिवसांनी मला बरं केलं, असं मी आज समजतो. सुया आणि गोळ्या होत्याच. पण हाताला काम, पोटाला अन्न आणि कुणी काही न मागणारं घर, हे डॉक्टरांनी सांगितलेलं औषध पूर्णपणे त्या एका घरात मिळालं.

दिवाळीनंतर एका दुपारी पिंजण थांबलेली असताना मी त्याला सांगितलं. ओढा, कासरा, ते दोन शब्द. त्यानं विचारलं नव्हतं. मीच बोललो.

तो बराच वेळ तातीवरचा कापूस बोटांनी काढत राहिला. मग म्हणाला, "बोल्या सो बोल्या. मेरे पास रहने दे. तेरी भाबी कू मत बोल अब्बी. तू पूरा अच्छा हो, फिर तूच बोल. तेरा हक है वो."

त्या संध्याकाळी मी घरी गेलो, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि झोपलो. वर्षभरातली ती पहिली पुरी झोप. सकाळी उठलो तेव्हा डोकं स्वच्छ होतं आणि पहिला विचार आला तो असा, की आता ते आणखी एकाला ठाऊक आहे.

येळवस

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे येळवस. सगळा गाव शेतात जेवतो. कडब्याची कोप करायची, आत पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि येईल त्याला पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील वाढायची. या दिवशी कुणाला नको म्हणायचं नसतं. पाटलांच्या शेतात पंगत बसली होती. मौलासाब, हुसेनबी आणि त्यांची मुलगी बांधाकडेला आपापली भांडी घेऊन बसली होती.

जेवणं झाली. पाटील म्हणाले, "आज अमुशा हाय. पोरगं आता सुदरायलंय. पुरतं शानं झालं तर बसण्णाचा बोल जाईल. आज विचारून मोकळं होऊ."

मौलासाब हातातली लोटी खाली ठेवून उठला. "पाटील, डॉक्टर साब ने मना किया है. विचारू नका."

"तू खाली बस रे," कुणीतरी म्हणालं.

पाटलांनी वैनीकडं पाहिलं. "नीले, तू विचार. तुझा हक्क हाय."

मला कोपीसमोर बसवलं. वैनी येऊन माझ्यापुढं टेकली. ती बावीस वर्षांची होती. कपाळ मोकळं. तिनं माझे दोन्ही हात धरले. तिचे हात थरथरत होते, माझे नाही.

"बसण्णा," ती मला म्हणाली, "तुमचं ठिकाण कुणी सांगितलं?"

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. मौलासाब माझ्याकडं बघत होता आणि बारीक मान हलवत होता, नको म्हणून. त्याचा अर्थ मला कळत होता. बोलू नकोस, आत्ता नको, तू मोडशील. मला ते कळत होतं आणि तरी मला त्याच्या तोंडाची भीती वाटली. या माणसाजवळ माझे दोन शब्द आहेत.

"मौलासाब," मी म्हणालो.

तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा विचारायच्या आधी ती थोडी थांबली. तेवढ्या वेळात मी काहीही म्हणू शकलो असतो. नुसता गप्प राहिलो असतो तरी बोल मोडला असता.

तिसऱ्यांदाही मी तेच म्हणालो.

मग एकेकाला आठवायला लागलं. "म्हणून म्हणत व्हता व्हय, विचारू नका!" "पाळ्या मागून मागून घेत व्हता की. कामून? पोरानं तोंड उघडू नये म्हणून." "गादी दिली म्हणं. गादी द्यायच्या निमतानं जागा बघून गेलता." सात महिन्यांतली त्याची प्रत्येक गोष्ट त्यांनी उलटी करून पाहिली आणि ती बरोबर बसली.

हुसेनबी किंचाळली, "अरे, मैं इसका गू-मूत काढली रे! दोन हातांनी काढली! इसके मुंह में कीडे पडो!"

दोघे-तिघे बांधाकडं धावले. पाटील मध्ये पडले. "येळवस हाय. शेतात रगत सांडायचं न्हाई. उद्या सकाळपतोर गाव सोडू दे त्याला."

तेव्हा अव्वा माझ्याजवळ आली. त्या दिवशी तिच्या एकटीच्या मनात शंका आली होती. ती हळूच म्हणाली, "शरणा, तुला उर्दू येतंय. डॉक्टर खरंच तसं म्हणाला व्हता का रं? का मौलण्णानं आपल्या मनानं सांगितलं?"

मी तोंड अर्धवट उघडं ठेवलं आणि लाळ हनुवटीवर येऊ दिली. वर्षभरात कधी नव्हतो इतका मी तेव्हा शुद्धीवर होतो. ऊन कुठं होतं, कोण कुठं उभं होतं, अव्वाच्या पदराला भज्जीचा डाग कुठं होता, सगळं सांगू शकतो.

अव्वानं पदरानं माझं तोंड पुसलं आणि गेली.

नंतर

सकाळी कुणी त्यांना गाडी दिली नाही. मौलासाबच्या खांद्यावर पिंजण, हुसेनबीच्या डोक्यावर गाठोडं, मुलीच्या हातात दोन कोंबड्या. मावळतीच्या वाटेनं सोलापूरला जाणार असं म्हणत होते. आमच्या दारापाशी तो थांबला. अव्वा उंबऱ्यात होती, मी तिच्या मागं.

"अक्का," तो म्हणाला, "गोळी दोन वेळा द्या. आन् अजून त्याला काही विचारू नका."

माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. ते तिघं सोलापूरला पोचले का, हेही मला ठाऊक नाही. त्या वर्षी ती वाट त्यांच्यासारख्यांसाठी बरी नव्हती.

आठ दिवसांत मी पूर्ण बरा झालो. सोंग टाकून दिलं, बस. गाव म्हणालं, बसण्णाचा बोल गेला, पोरगं सुटलं. पाळी बंद झाली. पुढं राज्य बदललं, आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, कागद उर्दूतले कन्नडमध्ये आले. माझं लग्न झालं, मुलं झाली. वैनी आमच्यातच राहिली. दर येळवशीला ती मौलासाबच्या नावानं बोटं मोडायची आणि मग मला आंबील वाढायची. सोलापूरला मी बाजारासाठी पुष्कळदा गेलो. पिंजाऱ्यांची गल्ली कुठं आहे ते मला माहीत होतं. एकदा तातीचा आवाज कानावर आला तसा मी दुसऱ्या रस्त्यानं एसटी स्टँडवर आलो.

मी का सांगितलं नाही? भीती होती हे एक. दुसरं असं की मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, ह्याचं डोकं पुन्हा फिरलं. या दुसऱ्या कारणाच्या आडोशाला मी पन्नासपेक्षा जास्त वर्षं बसलो.

यंदा

मागच्या बैठकीत एक बाई रडत होती. तिच्या पोराचं डोकं ठिकाणावर नाही. गल्लीत कुणाचं तरी गंठण हरवलं, तर शेजारणी त्याच्यापुढं खाऊ ठेवून विचारतात, कुणी घेतलं सांग. तो कधी एकाचं नाव घेतो, कधी दुसऱ्याचं. मी उठलो आणि माझ्या तोंडून निघालं, "त्याला काही विचारू नका. विचारू देऊ नका." एवढं बोलून मी खाली बसलो. सिस्टरबाईंनी पाणी दिलं.

त्याच दिवशी घरी येऊन वैनीला सांगितलं. ती सुपात ज्वारी निवडत होती. मी ओढ्यापासून येळवशीपर्यंत सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही हात थांबवला नाही. सूप संपलं, ज्वारी डब्यात ओतली, झाकण लावलं.

"कट्ट्यावर सांग," ती म्हणाली. "शेतात नाव घेतलास सगळ्यांम्होरं. मला एकटीला आतल्या घरात सांगून काय उपेग?"

मी दुसऱ्या दिवशी देवळाच्या कट्ट्यावर सांगितलं. तेव्हाचे आता दोघेच जिवंत आहेत. बाकी त्यांची मुलं-नातवंडं. आधी कुणीतरी हसलं. मग ते एकमेकांकडं बघायला लागले. एक जण मला हाताला धरून सावलीत घेऊन गेला. "आप्पा, ऊन लागलं का तुमाला? चला, घरी सोडतो." घरी पोचायच्या आत माझ्या मुलाला, शिवराजला फोन गेला होता, की म्हाताऱ्याचं जुनं दुखणं उलटलं, लक्ष ठेवा. त्या दिवसापासून मी बाहेर पडलो की कुणीतरी माझ्यामागं दहा पावलांवर असतं. प्रेमानंच असतं.

आठवड्यानं शिवराज मला दवाखान्यात घेऊन गेला. वैनी म्हणाली, मीबी येते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी केले.

शिवराज म्हणाला, "डॉक्टर, ह्यांना तरुणपणी वेड लागलं होतं. आता पुन्हा काहीबाही बोलायलेत. गावातल्या एका माणसावर आपणच आळ घेतला म्हणतेत. रात्रंदिवस तेच. काही गोळी असंल तर..."

डॉक्टरांनी लिहायला पेन उघडलं.

वैनी दाराजवळच्या बाकावर होती. ती काठीवर जोर देऊन उठली आणि टेबलाशी आली. तिला आता कमी दिसतं. तिनं चाचपून टेबलाची कड धरली.

"डॉक्टर, काही लिहू नका," ती म्हणाली. "ह्याला काही झालं न्हाई. हा शाना हाय." मग माझ्या बाजूला न वळता म्हणाली, "तवाबी शाना व्हता. माझ्या हातात ह्याचे हात व्हते. माझेच थरथरायलते."

डॉक्टरांनी पेन मिटलं.

परतीच्या बसमध्ये शिवराजनं आम्हा दोघांसाठी एक बाक धरला होता. वैनी तिथं बसली नाही. ती पुढं जाऊन ड्रायव्हरच्या मागं, अनोळखी बायकांच्यात बसली, आणि गाव येईपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.